वच्छलाबाईंचं मोठं ताट

बातमी आली तेव्हा मी वर्ध्याच्या बसस्थानकावर देवळीच्या गाडीची वाट पाहत उभी होते. बहिणीकडे निघाले होते, हातात तिच्यासाठी घेतलेला गोरसपाक बिस्किटांचा पुडा होता. फोन अर्चनाचा. तळेगावच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की एक गाव लागतं, तिथल्या अंगणवाडीची ही सेविका. मी पर्यवेक्षिका होते आणि नोकरीची शेवटची दहा वर्षं ती अंगणवाडी माझ्याकडे होती. “म्याडम, आपल्या वच्छलाबाई गेल्या,” अर्चना म्हणाली. सकाळी त्यांनी कुलूप उघडलं, तांदूळ निवडायला बसल्या आणि तशाच भिंतीला टेकल्या. अर्चना पोचली तेव्हा सूप मांडीवरच होतं… मी “बरं” म्हणाले. तेवढ्यात देवळीची गाडी लागली आणि मी तिच्यात चढून खिडकीची जागा पकडली, तिकीट काढलं, सुटे पैसे मोजून पर्समध्ये ठेवले. अर्धा रस्ता गेल्यावर लक्षात आलं की आता जायचं तळेगावकडे आणि आपण भलत्याच गाडीत बसलो आहोत. देवळीला उतरले ती बहिणीच्या दारापर्यंतही गेले नाही, मिळाली त्या गाडीने वर्ध्याला परतले आणि आर्वीची गाडी धरली. गावात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, माणसं आंघोळी करून घरोघर गेली होती. गोरसपाकचा पुडा मात्र तसाच माझ्या हातात होता.

याला महिना होऊन गेला. हा लेख लिहायला मी चौथ्यांदा बसते आहे. दोन ओळी लिहिते, उठते, गॅसवर चहाचं आधण ठेवते, ते विसरते, पुन्हा येऊन बसते. चांगल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द लिहायला एवढं कठीण जाऊ नये. पण वच्छलाबाईंबद्दल नुसतं चांगलं लिहायचं तर मला मधून स्वतःला वगळावं लागेल, आणि ते लबाडीचं होईल.

त्या अंगणवाडीच्या मदतनीस होत्या. मदतनीस म्हणजे झाडणं, पाणी भरणं, लेकरांना घरोघर जाऊन गोळा करणं, स्वयंपाक करणं, वाढणं आणि भांडी घासणं. कागदावर सेविकेचं नाव येतं, मदतनिसीचं येत नाही. बुटक्या, काळ्यासावळ्या, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचलेला, बोलायला कमी. मी पहिल्यांदा तपासणीला गेले तेव्हा खिचडीत सांभार, म्हणजे कोथिंबीर, दिसला. आमच्या धान्याच्या यादीत सांभार नव्हता. “हा कुठून आणला?” मी विचारलं. “वाडीतला हाये, दिराच्या,” त्या म्हणाल्या आणि वाढत राहिल्या. त्यांच्या सासरचे लोक वांगी, मेथी, सांभार लावून तळेगावच्या बाजारात विकायचे. आठवड्यातले तीनचार दिवस तरी त्या पदरात काहीतरी बांधून आणायच्या आणि पातेल्यात टाकायच्या. मी शेरा लिहिला नाही, हा तेव्हा मला माझा मोठेपणा वाटला होता.

त्या गावात भाजीपाला लावणारी बरीच घरं. दोन एकर, तीन एकर, एक विहीर. विहिरीचं पाणी संक्रांतीपर्यंत पुरतं. ते तळाला गेलं की ज्यांचं भागत नाही ते नवराबायको नागपूरच्या पलीकडे विटाभट्टीवर जातात आणि मिरगाच्या आधी, पेरणीला परततात. लेकरं कधी बरोबर जातात, कधी म्हाताऱ्यांपाशी राहतात. बरोबर गेलेली लेकरं उन्हाळा संपता संपता यायची ती ओळखू येत नसत. पोट पुढे, दंड काडीसारखे, केस तांबूस. भट्टीवर सकाळी चहा आणि टोस, मग आई विटा थापायला बसली की संध्याकाळपर्यंत काही नाही. हे मी दरवर्षी पाहत होते आणि माझा जीव तळमळायचा. म्हणून मी ठरवलं होतं की आयांना समजावायचं, लेकरू गावातच ठेवा. इथे रोज गरम जेवण आहे, दर महिन्याला वजन होतं, गरज पडली तर दवाखाना आहे. बैठकांमधून मी हे इतक्या वेळा बोलले की मला ते पाठ झालं होतं.

सात वर्षांपूर्वी, संक्रांतीनंतर, मी अंगणवाडीत असताना गावातली संगीता माझ्याकडे आली. तिची परी पावणेतीन वर्षांची. संगीता दारातच उभी राहिली, पोरगी कडेवर. “म्याडम, ठेवू का मंग पोरीले अठीच, सासूपाशी?” तिचा चेहरा पाहून कोणालाही कळलं असतं की तिला ‘नको’ हे उत्तर हवं होतं. मी म्हणाले, “ठेव. तिच्याच भल्याचं आहे.” वच्छलाबाई मागे भांडी घासत होत्या. त्यांनी हात थांबवला आणि म्हणाल्या, “लहान हाये म्याडम ते अजून.” मी म्हणाले, “लहान आहे म्हणूनच सांगते आहे. तुम्ही मध्ये बोलू नका.” त्या पुन्हा घासायला लागल्या. संगीताने पोरीसाठी नवी ताटली घेऊन ठेवली होती. तळेगावच्या बाजारातून, तिच्यावर ‘परी’ असं नाव टाकून. जायच्या दिवशी ती ताटली तिने अंगणवाडीत आणून दिली आणि परीला म्हणाली, “याच्यात जेवजो. सगळं संपवजो.” अर्चनाने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मला भरून आलं होतं. काय गुणी आई आहे, असं मी घरी जेवताना मनात म्हणाले. मी जेवते उभ्याने, ओट्यापाशी. यजमान गेल्यापासून मला एकटीसाठी बसून जेवायचा कंटाळा येतो.

पुढे महिन्याभराने मी न सांगता तपासणीला गेले. दुपारची वेळ होती. अर्चना पंचायतीत गेली होती. दारातून आत पाहिलं तर लेकरं ओळीने जेवत होती, आणि कोपऱ्यात वच्छलाबाई एक मोठं थोरलं ताट पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. ताटात खिचडी, समोर परी, आणि वच्छलाबाईंच्या तोंडात घास. मी पाहत राहिले. त्यांनी दुसराही घेतला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दहा गावांत पोषण आहाराचं काय काय होतं ते मी पाहिलं होतं, पण यांच्याकडून मला हे अपेक्षित नव्हतं. “लेकराच्या ताटातलं खाता तुम्ही?” माझा आवाज बाहेर ओट्यावर बसलेल्या बायकांपर्यंत गेला असणार, कारण दोघीतिघी दारात येऊन उभ्या राहिल्या. वच्छलाबाईंनी तोंडातला घास गिळला. हात ताटातच. “आणि हे एवढं ताट? हे आपल्याकडचं नाही. घरून आणता खायला?” त्या म्हणाल्या, “हो, माहं हाये.” बस्स, तेवढंच. मी जर तेव्हा पुढचा एक प्रश्न विचारला असता… पण मला उत्तर मिळालं होतं. मी वहीत शेरा लिहिला, त्यांना चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका म्हणून सांगितलं आणि ते ताट धुऊन घेऊन, पुरावा म्हणून, पिशवीत घालून वर्ध्याला आणलं. ऑफिसच्या कपाटात ठेवलं. त्याच्या काठावर अक्षरं होती, ‘चि. वच्छला हिस आईकडून’. ती वाचूनही मला काही वाटलं नाही.

परीचा हात त्या ताटात होता का, हे मी त्या दिवशी पाहिलंच नव्हतं. नंतर कितीदा तरी आठवून पाहिलं. होता. लहानसा, वच्छलाबाईंच्या हाताशेजारी.

वच्छलाबाई लेकरांचं खातात ही गोष्ट त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. परीची आजी दिवसभर निंदणाला जायची. त्या दिवसापर्यंत ती कामावरून आली की पोरीला घेऊन वच्छलाबाईंच्या अंगणात घटकाभर बसायची. तिने ते बंद केलं. अंगणवाडीत परीपुढे तिची नवी ताटली येत राहिली, भरलेली. अर्चनाकडे वीस लेकरं, मदतीला कोणी नाही. ती वाढायची आणि पुढे सरकायची. घरी आजी सकाळी भाकर झाकून जायची आणि लेकरू रडू नये म्हणून दुकानातल्या दोरीवरचा एक पुडा तोडून हातात द्यायची, तो तिखट-मिठाचा फुगलेला पुडा. संगीता भट्टीवरून फोन करायची, “खाल्लं का वं परीनं?” आजी म्हणायची, खाल्लं. अर्चना रजिस्टरमध्ये लिहायची, वाढलं. मी अर्चनाला फोनवर विचारायचे आणि तीही म्हणायची, हो म्याडम, रोज वाढते. वाढलं म्हणजे खाल्लं, असं आम्ही सगळ्याच धरून चाललो होतो.

वजनाच्या दिवशी मी मुद्दाम गेले. परीला काट्यात बसवलं आणि अर्चनाने आकडा सांगितला तेव्हा मी पुन्हा बघ म्हणाले. तिने पुन्हा पाहिलं. मग मी स्वतः पट्टी घेऊन तिच्या दंडाभोवती गुंडाळली, ती कागदी पट्टी, हिरवी, पिवळी, लाल. खूण लालमध्ये गेली, म्हणजे तीव्र कुपोषण. पोरगी रडलीसुद्धा नाही. तिला उचललं तर हातात काही आल्यासारखंच वाटेना. मी अर्चनावर ओरडले, आजीवर ओरडले, कोणावर ओरडत होते देव जाणे. तेव्हा दारातली एक बाई शांतपणे म्हणाली, “वच्छला होती तवा खाये ते. तिच्यासंगं.”

वच्छलाबाईंच्या घरी मी एकटीच गेले. त्या अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होत्या. उठल्या, पाणी आणून दिलं. मी म्हणाले, “परी लालमध्ये गेली.” त्या खाली बसल्या. मी विचारलं, “तुम्ही मला त्या दिवशी सांगितलं का नाही?” “तुमी विचारलं ते सांगितलं ना,” त्या म्हणाल्या. मग जुडीला गाठ मारता मारता, “तिनं कधी सोताचं ताट पाह्यलं नाई म्याडम. आमच्याकडं लेकरू मायच्याच ताटात जेवते. माय एक घास घेते, एक त्याले देते. ताटली भरून समोर ठेवली तं ते वाट पाह्यते. कोनं घास घेतला का मंग घेईन. कोनी घेतलाच नाई, तं ते बसूनच राह्यते.” मी विचारलं, “आणि मोठं ताट?” “त्या ताटलीत दोन हात मावत नाई.”

असं साधं होतं ते. तीस वर्षं मी लेकरांच्या पोषणाचं काम करत होते, प्रशिक्षणं घेतली होती, दिली होती, आणि लेकरू जेवतं कसं हे मला माहीत नव्हतं. मीही लहानपणी आईच्याच ताटात जेवत असणार. विसरले होते.

मग त्यांनी आणखी एक सांगितलं, मी न विचारता. त्या स्वतः तरुणपणी नवऱ्याबरोबर भट्टीवर गेल्या होत्या, मुलाला जावेपाशी ठेवून. “मी परत आली तं त्यानं मले वळखलं. जवळ आला, निजला बी. पन माह्या हातचं खाये नाई. भाकर कुस्करून देऊ लागली का तोंड फिरवे, जावेकडं पाहे. पोळ्यालोक नाई खाल्लं त्यानं माह्या हातचं.” म्हणजे मिरगापासून थेट पोळ्यापर्यंत. मी विचारलं, आता कुठे असतो? “हैद्राबादले, कंपनीत. येते ना दिवाळीले. जेवते. पन ताट घेऊन आंगनात जाते.” एवढं बोलून त्या उठल्या, हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाल्या, “चाला.” मी अजून शेरा मागे घेतला नव्हता, लेखी काही दिलं नव्हतं. त्यांनी मागितलंही नाही. रस्त्याने चालताना फक्त विचारलं, “ताट आनलं का?” ताट वर्ध्याला कपाटात होतं.

त्या दिवशी त्यांनी पातेल्यावरची झाकणी उलटी करून तिच्यात खिचडी वाढून घेतली. मी दारात उभी राहून पाहत होते. त्यांनी परीला खा म्हटलं नाही. स्वतः एक घास घेतला, चावला आणि तोंड वाकडं केलं. “मीठ कमी हाये.” परीने पाहिलं. त्यांनी दुसरा घेतला. “हो बाप्पा, कमीच हाये. तुले काय वाटते?” पोरीने बराच वेळ विचार केला. मग दोन बोटांनी चार शितं उचलून तोंडात टाकली. “हाये,” ती म्हणाली. “कुठं हाये? मले नाई लागलं.” पोरीने निकाल द्यायला आणखी एक घास घेतला. त्यांचा वाद झाकणी रिकामी होईपर्यंत चालला. तसं ते एका दिवसात सुधारलं नाही. पोरीला पंधरा दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि वच्छलाबाई तिच्या आजीबरोबर तिथेही जाऊन राहिल्या. ते दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. लेकरू वाचलं, हे लिहिते.

आणि तरी त्यांची खरी करामत मला अखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाल्यावर कळली. संगीता परतायला आठवडा उरला असताना मी गेले तर वच्छलाबाई परीबरोबर जेवत नव्हत्या. परी आजीच्या ताटात होती. आजीला त्यांनी आठवडाभर कामावर जाऊ दिलं नव्हतं, बसून शिकवलं होतं. परी जेवता जेवता वळून वळून त्यांच्याकडे पाहत होती, आणि त्या पाठ करून तांदूळ निवडत होत्या. मला राहवलं नाही. मी म्हणाले, बघते आहे हो ती तुमच्याकडे. “पाहू द्या,” त्या म्हणाल्या. “तिची माय येऊन राह्यली. तिनं तिच्याकडं पाह्यलं पाह्यजे.” संगीता आली त्या दिवशी त्या मुद्दाम वाडीत निघून गेल्या. परी आईच्या हातचं पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी जेवली. हे सांगायला संगीता वाडीपर्यंत पळत गेली होती.

चौकशीचा कागद मी नंतर मिटवला. ‘गैरसमजातून’ असा शब्द वापरला, कोणाचा गैरसमज ते लिहिलं नाही. तोंडाने माफी मागितली का? नाही. प्रत्येक भेटीत मागायची ठरवून जायचे आणि सांभाराचं विचारून यायचे. पर्यवेक्षिकेने मदतनिसीची माफी कशी मागायची याचा काही नमुना आमच्याकडे नव्हता, असं मी स्वतःला चिडवते, पण ते खरं नाही. मला लाज वाटत होती, एवढंच. निवृत्त झाले तेव्हा कपाट रिकामं करताना ते ताट निघालं. ते घेऊन एकदा गेले. त्यांनी हातात घेतलं, काठावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि परत माझ्या पिशवीत ठेवलं. “राहू द्या म्याडम तुमच्यापाशी. अर्चनाबाई सांगत होती, तुमी उभ्यानंच जेवता म्हून.” मी हसले आणि ताट घेऊन परत आले. मागायचं ते राहिलंच. आता कोणाकडे मागू? त्या असत्या तर म्हणाल्या असत्या, कायले म्याडम. मला ते ‘कायले’ नको होतं, तरी ऐकायचं होतं.

मागच्या आठवड्यात ताट पिशवीत घालून मी पुन्हा गावात गेले. अंगणवाडीत अजून नवी मदतनीस आलेली नाही. अर्चना एकटीच चूलही बघते आणि लेकरंही. परी आता शेजारच्या शाळेत चौथीत आहे, मधल्या सुट्टीत दोन वेण्या उडवत पळताना दिसली, मला ओळखलं नाही. बरं झालं. संक्रांत होऊन गेली आहे, विहिरी खाली गेल्या आहेत, माणसं निघून गेली आहेत. वच्छलाबाई बसायच्या त्या कोपऱ्यात धनू नावाची एक पोरगी बसली होती, अडीचएक वर्षांची. समोर ताटली, तिच्यावर नाव टाकलेलं, खिचडी तशीच. अर्चना म्हणाली, मायबाप दोघंही गेले, आठ दिवस झाले.

मी ताट काढलं. ताटलीतली खिचडी त्यात ओतली. माझे गुडघे दुखतात, खाली बसायला वेळ लागला. हात ताटात घातला आणि तसाच राहिला. दारात कोणी आहे का म्हणून मी मागे वळून पाहिलं… कोणी नव्हतं. धनू माझ्याकडे पाहत होती, हातांची घडी घालून, एखाद्या मोठ्या माणसासारखी. मी घास घेतला. खिचडी थोडी लागली होती, मीठ अगदी बरोबर होतं.

“मीठ कमी आहे,” मी म्हणाले.

मी दुसरा घेतला, पुन्हा म्हणाले, कमीच आहे. तिने ताटाकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग एक हात सोडवला, दोन शितं उचलली आणि खूप वेळ चावली.

“नाई,” ती म्हणाली. “हाये.”

“कुठे आहे? मला नाही लागलं.”

तिने दुसरा घास घेतला, आधीच्यापेक्षा जरा मोठा.